फोटो लहानच काढ

भावेश,

मी आईला घेऊन बंदरावर चाललेय. सगळ्यांच्या बोटी आल्या, बाबांचीच अजून नाही. पोलिसांना बाबांचा अलीकडचा फोटो हवाय, आणि तो नारळी पौर्णिमेला काढलेला कॅमेऱ्यातच राहिलाय.

केबल लावली तर कॉम्प्युटरला कॅमेरा दिसतच नाही. तू ती ओढत बसू नकोस. खालचं झाकण उघड, कार्ड काढ आणि सरळ कॉम्प्युटरच्या खाचेत घाल. ‘फॉरमॅट करायचं का’ असं विचारलं, तर ‘नाही’ दाब. मघाशी मला तसं विचारलं, तेव्हा फोटो पुसले जातील म्हणून घाबरून मी कार्ड परत कॅमेऱ्यात घातलं. तरी नाही उघडलं, तर कार्ड घेऊन सफाळ्याच्या स्टुडिओत जा.

बाबा कुठल्याच फोटोत धड समोर बघत नाहीत. बोटीला हार घालताना मी हाक मारली, तेवढ्या एकात वळलेत. तोच घे.

या खेपेला तू बोटीवर गेला नाहीस, त्यावरून आज तुला कोणी काही बोलणार नाही. पण फोटो आण.

आई दारातून ओरडतेय, “मोटा काढू नको म्हनावं. ते येनार हायत.”

स्टुडिओवाल्याला बातमी कळली असेल. तो फ्रेमचं विचारेल. नको म्हण.

ताई