पैकीच्या पैकी गुण आणि गुरुवारची गोळी

बिबवेवाडी, गुरुवार, संध्याकाळी सात

आज दवाखान्यात पहिली आले, तरी मन खातंय.

बीपीच्या पेशंटना आपल्या आजाराचं कितपत कळतं, हे मोजायला कॉलेजची एक मुलगी आली होती. तिने गोळ्यांचं पाकीट वाचायला दिलं, मग प्रश्न विचारले. मुलांच्या पाटीवरून अक्षरं शिकलेली मी, घडाघडा बोलले. गोळी रोज घ्यायची, बरं वाटलं तरी सोडायची नाही. "आजी, पैकीच्या पैकी!" शेजारच्या गंगूला वाचता येत नाही, तिला जेमतेम चार गुण. मी गालात हसलेसुद्धा. आता लाज वाटते.

परत येताना गंगूने विचारलं, "वहिनी, आजची गोळी घेतलीत?"

"आज गुरुवार ना गं. उपासाला नाही घेत मी."

"का हो? गोळीत काय कांदा-लसूण असतो?"

तिचं पाकीट चहाच्या डब्यावर असतं. गोळी पोटात गेल्याशिवाय ती चहाचं आधण ठेवत नाही. आणि मी? गुरुवार, चतुर्थी, एकादशी... वर उपासाचे खारे वेफर्स! लोकां सांगे ब्रह्मज्ञान. त्या मुलीने हे विचारलं नाही, पण मी तरी कुठे सांगितलं?

दत्तगुरूंना हात जोडून गोळी आत्ता घेतली. ते काही रागावलेले दिसले नाहीत.

उद्या त्या मुलीला गाठून सांगते, बाई गं, माझे गुण खोड. आणि पुढच्या आजीला आधी विचार, उपास कुठल्या कुठल्या वारी करता?