आबांची गोबरगॅसची टाकी

वरकुटे, शुक्रवार, १२ जानेवारी १९९६

अनुदानाच्या गोबरगॅसची खरी किंमत अशी: इंदापूरला सहा खेपा, अंगणातलं जुनं लिंबाचं झाड, आणि एवढं करून शेगडी पेटतच नाही.

सकाळी शेजारचे आबा आले. "शेठ, एका म्हशीच्या शेणावर कुठं गॅस व्हतोय? आमची म्हातारी चुलीच्या धुरानं खोकून बेजार हाय."

योजनेला चार जनावरं लागतात, आबांकडं एकच. मग टाकी बांधली कशाला? सरकार देतंय म्हणून! हेच माझं म्हणणं. गरज बघायची सोडून माणूस अर्जातले रकाने बघून बांधकाम काढायला लागला. उद्या सरकारनं हात आखडला तर? मी ऐकवलंच, "आबा, मी शून्यातून वर्कशॉप उभं केलं, पण सरकारी योजनेच्या वाटेला कधी गेलो न्हाय."

आबा गालात हसले. "व्हय की. तुमचं काय बी न्हाय त्यात. शेणाचं तेवढं बघा."

म्हातारीचा खोकला आत्ताही भिंतीपलीकडून ऐकू येतोय. उद्यापासून रोज चार पाट्या शेण पाठवावं म्हणतो. उपकार? कसला उपकार! साहेब जनावरं मोजायला आले, त्या दिवशी आबांच्या दावणीला बांधलेल्या तीन म्हशी माझ्याच होत्या.