आतल्या खोलीत काही विशेष नाही

प्रिय स्टेफामावशी,

हे पत्र आधी वाच, मग गोळ्या घे. उलट केलंस तर तुला झोप लागेल, आणि गुरुवारी दुपारी बाराला मासिकातलं तुझं पान छापायला जाईल. ते आहे तसं गेलं तर तुझं नाक कापलं जाणार, आणि कापणारा मी. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहितोय. तसाही नियम तुझाच आहे ना, जे पाहिलंस ते लिहून दे, तोंडाची वाफ नको.

जानेवारीत चर्चच्या पायरीवर घसरून तू खुबा मोडून घेतलास, तेव्हा आईला वाटलं, चला, आता तरी हिचं हे चित्रांचं वेड सुटेल. आणि तू? भुलीतून पुरती बाहेर यायच्या आत विचारलंस, "क्रीमरी गॅलरीत या महिन्यात काय लागलंय?" वर मला म्हणालीस, "ओरेस्ट, आता माझे पाय तू." अख्ख्या सास्काटूनमध्ये तुला मीच सापडलो! अकरावीत दोनदा बसलेला, पिझ्झा पोचवणारा. शाळेच्या सहलीत म्युझियममध्ये गाइड बनून टोरंटोच्या पाहुण्यांना वीस मिनिटं फिरवलं होतं मी, आठवतं? एक बाई तर साध्या बर्फाच्या चित्रासमोर डोळे पुसायला लागल्या. शाळेने मला आठवडाभर घरी बसवलं आणि तू पोट धरून हसलीस. म्हणालीस, थापा मारायला सुद्धा आधी नीट बघावं लागतं, हा पोरगा बघतो.

तर दहा आठवडे झाले, प्रदर्शन मी बघतो, रिपोर्ट लिहून देतो, त्यावरून लेख तू लिहितेस. दर वेळी कागद हातात घेतलास की तुझा तोच टोमणा, "बघून आलास की नुसता जाऊन आलास?" पहिले नऊ रिपोर्ट खरे आहेत, आईशप्पथ. तो निळ्या फितींचा व्हिडिओ मी तीनदा पाहिला, आणि तीनदा मला काही कळलं नाही, तेही लिहिलं. तू म्हणालीस, कॅटलॉग म्हणजे मेनूकार्ड, जेवण जेवून ये. मी जेवत होतो. दहावा रिपोर्ट मात्र थाप आहे.

त्या दिवशी क्रीमरीत उद्घाटन होतं. मी कामावरून तसाच गेलो, कंपनीचं जाकीट घालून. दारातली मुलगी म्हणाली, "पिझ्झा मागच्या दाराने." मी म्हटलं, पाहुणा आहे हो, निमंत्रण आहे. तर म्हणाली, "मग बूट काढा." वाकलो आणि आठवलं, डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आलेला. आत सगळे वाइनचे पेले धरून, हळू आवाजात. माझी हिंमतच झाली नाही, मावशी. बूट बांधतोय, सोडतोय, असं करत तिथेच बाकावर तासभर बसलो, आणि समोर जे होतं तेच बघत राहिलो. काळ्या ट्रेमधले तेवीस जोड बूट, त्यांच्यावर रस्त्यावर बर्फ वितळवायला टाकतात त्या मिठाचे पांढरे ओघळ, खाली साचलेलं पाणी. माणूस निघाला की एक जोड कमी.

तेच तुला लिहून दिलं. कलाकृतीचं नाव 'ओल'. पायपुसण्याकडे, म्हणजे मॅटकडे, बघून कलाकाराचंही नाव सुचलं, आर. मॅटसन. मला वाटलं, तू पहिल्याच ओळीला पकडशील आणि कान पिळशील. तर तू डोळे मिटून म्हणालीस, "मॅटसन... हो हो, विनिपेगचा." तुझा संपादक ट्रेंट त्याहून पुढचा, म्हणे मॅटसनचं आधीचं काम जास्त धारदार होतं! एवढं हसलो की गाडी बाजूला घ्यावी लागली. मग तू लेख वाचून दाखवलास. बघणाऱ्यांच्या जाण्याने संपत जाणारं शिल्प, असं लिहिलंयस तू. इतकं छान की मला घाम फुटला. आणि शेवटी एक ओळ, "आतल्या दालनाबद्दल न बोललेलं बरं." ती माझीच. मी रिपोर्टात लिहिलं होतं, आतल्या खोलीत काही विशेष नाही. आतल्या खोलीत मी पाऊल टाकलं नव्हतं.

काल ट्रेंटचा फोन आला, मॅटसनच्या 'ओल'चा फोटो पाठव. म्हणून आज सकाळी कॅमेरा घेऊन गेलो, म्हटलं निस्तरू. ट्रेमध्ये एकच जोड होता, बायकी. दुसरं कुणी नाही, दारातली मुलगीही नाही. बूट काढले आणि आत गेलो.

आत अंधार आहे. दाराशी खाणीतले दिवे टांगलेत, ते कपाळाला बांधायचे. समोर पोटॅश खाणीतल्या कामगारांच्या जुन्या जाकिटांची गोधडी आहे, छतापासून जमिनीपर्यंत. जाकिटांवर त्या उजेडात चकाकणाऱ्या चंदेरी पट्ट्या असतात ना, त्या वर येतील अशी शिवलेली. तू जिकडे मान वळवशील तेवढाच तुकडा पेटतो, बाकी काळोख. कॉलरवर मार्करने नावं आहेत. एका कॉलरवर डाइक लिहिलंय, तिथे टाके दुहेरी आहेत. मी अर्धा तास मान वळवत उभा होतो. मावशी, मी बघून आलो.

ते बूट तिचे होते. वर्ना डाइक, साठीची असेल, कोपऱ्यात थर्मास घेऊन बसली होती. दुहेरी टाके तिच्या नवऱ्याच्या जाकिटाचे. अकरा वर्षांनी तिचं प्रदर्शन लागलंय. तीन आठवडे रोज येऊन बसते, कुणी लिहायला आलं तर आपण असावं म्हणून. शनिवारी उतरवणार आहेत. माझी वही बघून तटकन उठली, केस सारखे केले आणि विचारलं, "मासिकाकडून आलात का?" मी हो म्हणालो. म्हणालो, या अंकात अर्धं पान तुमच्यावर आहे, स्टेफानिया हावरिलाक लिहितायत. तिने माझे दोन्ही हात धरले. ट्रेंटला मी फोन करून सगळं सांगितलंय, मॅटसन जन्मालाच आला नाही म्हणून. तो ओरडला, मग म्हणाला गुरुवारी बारापर्यंत पान रिकामं ठेवतो. मागे जोडलेल्या तीन कागदांवर गोधडीचं सगळं लिहिलंय, मापं, नावं, टाके. मला नंतर काय शिव्या द्यायच्या त्या दे, पाय बदलायचे तर बदल. पण मावशी, एवढी एक थाप माझी खरी कर.

तुझाच, अजून ठेवलास तर,
ओरेस्ट