पाठीवरचा पंप

प्रिय ताई,

चार दिवस कागद घेऊन बसतो आणि उठतो. कधी पेन चालत नाही, कधी गाय सुटते, नाहीतर मीच उगाच फाटकापर्यंत जाऊन येतो. माझं बूड कुठं टिकत नाही हे तुला काय सांगायचं. गणपतीपुळ्याला समुद्रावर उंट धरायचं कामसुद्धा तीन महिन्यांत सोडलं. तो उंट माणसांवर थुंकायचा. तेव्हा मी त्याला काठी दाखवायचो, आता वाटतं, बरोबर थुंकायचा. पण उंटाचं राहू दे.

बाबांना जाऊन आज आठवा दिवस. तुला मुंबईच्या दवाखान्यातल्या ड्युटीतून सुट्टी नाही, म्हणून आईनं फोनवर सगळं नीट झालं सांगितलं. काही नीट झालं नाही. शिमग्याला केरूतात्यांनी गावकी बसवून ठरवलं, मुंबईवाल्यांनी यायचं नाही, रोग काय तो मुंबईचा, आपण आपल्यात पालखी नाचवू. बाबांनी खांदा दिला. शेपाचशे माणसं एकमेकांच्या तोंडात ओरडत होती, एकाच तांब्यानं पाणी पीत होती. आठवड्यानं बाबांना ताप. रत्नागिरीहून गाडी यायच्या आधीच, उजाडता उजाडता गेले.

वाडीतलं एक माणूस आलं नाही. कमळाकाकी खिडकीतून ओरडली, "ओमकार, विहिरीवर येव नको हां, आमच्याकडं पोरंबाळं हायत!" आणि आपल्या पायवाटेवर फिनेल ओतलं. तो वास अजून माझ्या भाकरीला येतो. तात्या माडाआडून म्हणाले, धूर आमच्याकडं येणार नाही असं बघून पेटव. मला ओकारीच आली, तिथंच, त्यांच्यासमोर. त्यावरही त्यांनी नाकाला रुमाल लावला.

आला तो शेजारचा बाबल्या, ज्याला तू वर्षभर शिव्या घालतेस. पंचा तोंडाला बांधून "उचल रे" इतकंच म्हणाला. आंब्याच्या पेट्या नेतो त्या हातगाडीवरून आम्ही दोघांनी बाबांना नेलं. चढावर गाडी दोनदा मागं आली. बाबल्या कुजबुजला, "काका, जरा दमानं घ्या." मला हसू आलं आणि हसण्याचीही किळस आली.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. गेल्या मे महिन्यात तू, भावोजी आणि सानवी टेम्पोतून आलात. शाळेपाशी तुम्हाला रांगेत उभं करून आंब्याच्या फवारणी पंपानं ब्लिचिंगचं पाणी मारलं. मारणाऱ्याच्या अंगात रेनकोट, डोळ्यांना गॉगल, तोंडाला फडकं. पंप बाबल्याचा, म्हणून तुला वाटलं बाबल्याच. ताई, तो मी होतो. तात्या म्हणाले, "बहीण म्हणून सोडशील तर तूपण त्यांच्याबरोबर मुंबईला जा." मी सोडलं नाही. पंप धुतलासुद्धा नव्हता, तळाला झाडांचं औषध तसंच होतं. सानवी "आई, झोंबतंय" म्हणून रडत होती आणि मी टाकी संपेपर्यंत हात थांबवला नाही. तुम्ही तिथूनच मागं फिरलात. तिचे डोळे महिनाभर सुजले होते हे आईकडून कळलं, तेव्हा मी पुळ्याला पळालो. त्या दिवशी सरणाजवळ बाबल्याला विचारलं, तू ताईला खरं का नाही सांगितलंस? म्हणाला, "मेल्या, ते तुझं तू सांग." म्हणून हे पत्र. दहाव्याला ये असं म्हणायला माझं तोंड नाही. बाबल्याला तेवढं शिव्या देऊ नको.

थांब. फाटकाशी गाडी वाजली. भावोजी आलेत! बाईकवरून, सानवीला पुढ्यात घेऊन. तू पाठवलंस की आपणहून निघाले? आई ओरडतेय, आत या, आत या. भावोजी बाहेरूनच सांगतायत, ही खाली उतरत नाही, पनवेलपासून विचारतेय, औषध मारणारा माणूस अजून इथंच राहतो का. मी जातो तिच्याकडं. हो म्हणून सांगतो.

तुझाच, तू ठेवलास तर,
ओमकार