वहिनीची शपथ सोडव

दादा,

वहिनीला टांग्यातनं दवाखान्यात नेतीय. गिरणीतनं आलास की देव्हाऱ्यातला भंडारा घे आन् तसाच तिकडं ये.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं हुतं, पोटुशी बाईची अफू एकदम तोडायची न्हाय, रोज थोडी थोडी कमी करायची. तू मात्र तिला भंडारा उचलून अफू सोडायची शपथ घ्यायला लावलीस आन् अफूची डबी गटारात फेकलीस. कालपासनं ती थरथरतीय, पोटात कळा येत्यात. बाई औषध म्हणून थोडी अफूच देतील, पण शपथ मोडंल म्हणून ती तोंडच उघडणार न्हाय म्हणती. तूच येऊन शपथ सोडव. तिच्यावर ओरडू नको.

आत्ता माझा हात पोटावर ठिवून तिनं इचारलं, "बाळ हालतंय न्हवं?" मी व्हय म्हणाले.

दादा, माझ्या हाताला कायबी लागलं न्हाय.

गोजर