हुस्ना आणि सोलापूर स्टँडर्ड

४ ऑगस्ट, सकाळी
अंगणवाडीत आमच्या नातीचं, हुस्नाचं वजन झालं. वाढीच्या तक्त्यावर पिवळा पट्टा. म्हणजे कमी. सूनबाई सबिहा रडकुंडीला आली. मी शांत. तक्ताच चुकीचा, परदेशी पोरांवर बेतलेला. टॉवेलच्या कारखान्यात जन्मभर क्वालिटी कंट्रोल केलंय. माल कमी की माप चुकीचं, मला लगेच कळतं. ठरवलं : सोलापूरच्या पोरांना सोलापूरचाच तक्ता. महिन्यात तयार.

५ ऑगस्ट
सबिहा हुस्नाला घेऊन डॉक्टरकडे निघाली. मीही गेलो, डॉक्टरांना समजवायला. ते म्हणाले, तक्ता करताना भारतातलीही मुलं मोजली होती. कुठली, विचारलं. दिल्लीची. मग फॉरेनच की! त्यांनी सबिहाला रोज अंडं, शेंगदाणे, घासावर तेल सांगितलं. मला काहीच नाही. विचारात पडले असणार.

९ ऑगस्ट
सर्व्हे सुरू. टॉवेलचे गठ्ठे तोलायचा काटा दारात टांगला. हुक बघून गल्लीतली पोरं पळाली. बिस्किटं वाटली. आता येतात, पण बिस्किट हातातून सोडत नाहीत. वजनातून बिस्किट वजा करायचं ठरवलं. तेवढ्यात एकानं खाल्लं. आता वजा करायचं का? टेक्निकल प्रश्न. चहा घेतला.

१४ ऑगस्ट
शेजारच्या तिप्पण्णाचा नातू मंजुनाथ लई भरला. बाद केला. सवयीनं पाठीवर खडूनं 'रिजेक्ट' लिहिलं. तिप्पण्णा धावून आला. आमचं पोरगं काय टॉवेल हाय व्हय, म्हणाला. त्याला टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालवून घ्यायचा, ते समजावलं. त्याच्यात तो अजिबात नाही.

२५ ऑगस्ट
हुस्नापेक्षा जड तेवढी सगळी पोरं बाद केली. सँपल एकदम साफ. उरली एकटी हुस्ना. सरासरी हुस्ना, किमान हुस्ना, कमाल हुस्ना. इतका एकसारखा माल अख्ख्या नोकरीत पाहिला नाही. तक्ता रंगवून भिंतीवर लावला. हुस्ना बरोब्बर मधल्या रेषेवर!

३० ऑगस्ट, दुपारी
हुस्नाचे गाल वर आलेत. धोका. सबिहाला म्हणालो, अंडं बंद कर, स्टँडर्ड बिघडेल. बायकोनं, खातूनबीनं, मला जेवायलाच वाढलं नाही. आधी तुमचं वजन कमी करून बघू, म्हणाली. संशोधकाला घरातून साथ नसते.

४ सप्टेंबर
अंगणवाडीत हुस्ना हिरव्या पट्ट्यात आली. सबिहा गल्लीभर सांगत सुटली. तिप्पण्णाच्या घरीसुद्धा. माझ्या तक्त्यावर मात्र हुस्ना स्थूल. कागद संपून भिंतीवर गेली. नियमानं बाद. पण मग सँपलमध्ये कोणीच उरत नाही.

संध्याकाळी
तक्त्याच्या रिव्हिजनला बसलो. हुस्ना मांडीवर चढली. पाय दुखला, इतकी जड. दुसरं अंडं हवं म्हणे. सबिहा बघत होती.
सोलून दिलं.