पानमळ्यातली चंदा

अमरावती,
६ जानेवारी २०२५

चि. सौ. साधनास,
अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझ्या कादंबरीचं बाड परवा पोचलं, काल वाचून संपवलं. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर बोललं की माय पलीकडच्या खाटेवरून सगळं ऐकते. काचबिंदूनं तिची नजर नेली, पण कान अठ्ठ्याऐंशीव्या वर्षीही शाबूत आहेत. हा गठ्ठा कशाचा, असं ती रोज विचारते. मी शाळेचे पेपर म्हणून सांगितलं. दहा वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या मास्तरणीकडे पेपर कोण पाठवतं, असं म्हणून तिनं कूस बदलली.

आता कादंबरीबद्दल. भाषा स्वच्छ आहे. बाकी मला पटलं नाही. तुझी चंदा म्हणजे आपली माय, हे आपल्या अंजनगावात कोणीही ओळखेल. ही चंदा दीडशे पानांत सतरा वेळा रडते. मायला रडताना तू किती वेळा पाहिलंस? मी एकदाही नाही. आणि नवरा चंद्रभान म्हणजे आपले बाबा. तो दगडासारखा, शब्दाला महाग. आपले बाबा असे होते?

शिवाय तू चंदाला पानमळ्यात पाठवलंस. पहाटे अनवाणी ती वेलींमध्ये फिरते, वेलीला गाल लावते, स्वतःही वेलीसारखी नाजूक वगैरे. साधना, आपल्या घरी बाईनं मळ्यात पाय ठेवायचा नाही, वेल जळते, असा नेम होता. माय पस्तीस वर्षं मळ्याच्या कुडाबाहेर उभी राहिली. वेली बोटांनी बांधणं, त्यांना पाणी पाजणं, त्यांच्याशी हळू बोलणं हे बाबांचं काम. पानांच्या टोपल्या घेऊन बाजारात व्यापाऱ्यांशी भांडणं मायचं. हे तू कशी विसरलीस?

राहिली मास्तरीण आरती, म्हणजे मी. तिचा शेखर नावाचा प्रियकर अपघातात जातो, म्हणून ती लग्न करत नाही आणि मुलांवर ओरडते. या शेखरची माझी ओळख करून दिली असतीस तर बरं झालं असतं.

जावईबापूंना नमस्कार. राग मानू नकोस. मानलास तरी उत्तर पाठव.
तुझी,
वच्छलाताई


अकोला,
११ जानेवारी २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि. तुझं पत्र लाल शाईत नव्हतं, एवढंच समाधान. मायची तब्येत कळली. इकडे यांच्या गुडघ्यांनी दोन जिने बंद केले आहेत, बाकी ठीक.

ताई, मी विसरले नाही. पहिला खर्डा तू म्हणतेस तसाच होता. त्यात चंदा व्यापाऱ्याच्या हातातून टोपली ओढून घेत होती आणि थंडीनं मळा गेला त्या वर्षी चंद्रभान रडत होता. इथल्या प्रकाशकांनी तो वाचला. बाई कोरडी वाटते, म्हणाले. तिच्याबद्दल वाचकाला माया वाटली पाहिजे. चंद्रभान तर त्यांना खोटाच वाटला. शेतातला बाप्या असा मुळूमुळू रडत नाही म्हणे. मी म्हटलं, माझे वडील रडले होते. ते म्हणाले, वडील रडले असतील, पण गोष्टीतला बाप रडून चालत नाही.

दुसरा खर्डा किशोरनं वाचला. आपला भाऊ एरवी वर्तमानपत्रसुद्धा उलटंच धरतो, पण हे त्यानं नीट वाचलं आणि फोन केला. बाबाले रडका दाखवशील तं आपल्या घराची पायरी चढू नको, एवढंच बोलला. माहेर म्हणून तेवढंच दार उरलं आहे, ताई.

मग हा तिसरा. बाईला रडवलं की सगळे खूश होतात. शेखरही प्रकाशकांनीच सुचवला. लग्न न केलेल्या बाईला काहीतरी कारण लागतं, असं त्यांचं मत. मी एकोणसाठ वर्षांची झाले आहे. तीच ती पानं तीनदा लिहून हात दुखतो आणि मनही. ३१ तारखेला बाड छापायला जायचं आहे. एकदा छापलं की सुटले.

फक्त मायला ते वाचून दाखवू नकोस. तुझ्या रागाची मला सवय आहे, तिच्या रागाची नाही.
तुझी लहान बहीण,
साधना


अमरावती,
१६ जानेवारी २०२५

चि. सौ. साधनास,
अनेक आशीर्वाद. पत्र मिळालं. छापलं की तू सुटशील, माय अडकेल. उद्या तिची पणतवंडं हे पुस्तक वाचतील आणि आपली पणजी रडूबाई होती असं धरून चालतील. तिला ओळखणारी माणसं संपत आली आहेत. म्हणून मी एवढी मागे लागले आहे, नाहीतर कादंबऱ्या वाचायचा उत्साह माझ्यातही उरलेला नाही.

किशोर त्या थंडीच्या वर्षी सहा वर्षांचा होता. त्याला काय आठवणार? मी बी.ए. होऊन नुकती घरी आले होते. एका रात्रीत वेली काळ्या पडल्या. बाबा सकाळी कुडाला टेकून बसले आणि घरातलं माणूस गेल्यासारखे रडले. माय त्यांना झाकून, त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली. जो कोणी येईल त्याला, ते सुर्जीच्या बाजारले गेले, उद्या या, असं सांगून परत धाडत होती. संध्याकाळपर्यंत जेवली नाही, हललीही नाही. याला कोरडेपणा म्हणत असतील तर तुझ्या प्रकाशकांना एकदा माझ्याकडे पाठव.

शेखरबद्दल शेवटचं सांगते. मला लग्न करायचं नव्हतं, म्हणून केलं नाही. चाळीस वर्षं लोक माझ्या आयुष्यात एक मेलेला माणूस शोधत आहेत. आता सख्ख्या बहिणीनं तो शोधून दिला. मुलांवर मी ओरडायची, कारण ती अभ्यास करत नव्हती.

आणखी एक. मायला कळलं आहे. शेजारची खुशी, बारावीतली, दुधाची पिशवी द्यायला आली आणि टेबलावरच्या कागदांवरचं तुझं नाव तिनं मोठ्यानं वाचलं. मायनं मला विचारलं, माह्यावरच लिवलं ना, मंग माह्यापासूनच काऊन लपवता? म्हटलं, वाचून दाखवते. रविवारी वाचायला बसणार आहे. रडण्याच्या जागा गाळीन आणि मळ्याचं प्रकरण सोडून देईन, खोटंच आहे ते.
काळजी करू नकोस म्हणत नाही, कारण करशीलच.
तुझी,
वच्छलाताई


अमरावती,
२० जानेवारी २०२५

चि. सौ. साधनास,
अनेक आशीर्वाद. तुझ्या उत्तराची वाट न पाहता लिहिते आहे.

काल दुपारी वाचलं. पहिली दोन प्रकरणं मी चाळणी लावून वाचली. मायनं काही तक्रार केली नाही. हे बाई कोन होय, एवढं मधेच विचारलं. चंदा, म्हटलं. बरं, म्हणाली. स्वतःला तिनं ओळखलंच नाही, आणि मला त्याचा आनंद झाला की दुःख, ते कळेना.

तिसरं प्रकरण सोडायचं होतं. पण बाडाची दोरी सुटली होती, पानं मागेपुढे झाली होती. मी वाचायला लागले आणि दोन ओळींनंतर लक्षात आलं की चंदा मळ्यात शिरली आहे. थांबले. माय म्हणाली, वाच. म्हटलं, माय, हे साधनानं मनानं लिहिलं आहे, तू कधी आत गेली नाहीस. तर म्हणे, मले मालूम हाय मी गेली नाही. तू वाच.

मग मी वाचलं. काही न गाळता, चंदाच्या रडण्यासकट सगळं. ओली माती, वेलींचा वास, वरून गाळून येणारा उजेड. तू चंदाला वेलीला गाल लावायला लावलंस त्या ओळीवर मी लाल शाईनं फुली मारली होती. तीही वाचली. माय उठून बसली होती. तिचे हात गोधडीवर काहीतरी चाचपत होते. पुन्हा वाच, म्हणाली. मी पुन्हा वाचलं. मग म्हणाली ते तसंच लिहिते:

"हे बाई रडून काऊन राहिली? तिले तं आत जायले भेटलं ना."

साधना, अडुसष्ट वर्षांत मी तिला कधी विचारलं नाही की तुला आत जावंसं वाटत होतं का. खंबीर बाई, बाजार गाजवणारी बाई, असं म्हणून मीही तिला कुडाबाहेरच उभी ठेवली. तुझ्या रडक्या चंदाला मी हसले, पण माझी चंदाही पुरती खरी नव्हती.

आज सकाळी उठल्यावर तिनं पहिलं विचारलं, आत अजून काय काय हाय ते साधनाले लिवून पाठवायले सांग. तूच बघ आता. मी दमले आहे.
तुझी,
वच्छलाताई


अकोला,
२८ जानेवारी २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि. पत्र दोनदा वाचलं. मायनं विचारलं, आत अजून काय आहे. ताई, मला माहीत नाही. मीही कधी आत गेले नाही. ते पान मी बाबांच्या अंगाला येणाऱ्या वासावरून लिहिलं होतं. बाबा गेले, मळा मोडून तिथे संत्री लावली, त्यालाही तीस वर्षं झाली. आतून मळा पाहिलेला आपल्या घरात एकच माणूस उरला आहे, आणि त्यानंच मला पायरी चढू नको म्हटलं होतं.

शनिवारी अंजनगावला गेले. किशोरच्या बायकोनं, सीमानं, दार उघडलं. किशोर ओसरीवर होता. मी बसले नाही, उभ्यानंच सांगितलं की चंद्रभान रडणार आहे आणि चंदा रडणार नाही. शेखरला मी काढून टाकलं आहे, आरतीला लग्न करायचं नव्हतं एवढंच लिहिलं आहे. प्रकाशकांना हे नको असेल तर त्यांनी छापू नये. तसं त्यांना कळवलं, तर कालच त्यांचा निरोप आला, यंदा जमणार नाही म्हणून. तेव्हा पुस्तकाचं काही ठरत नाही. मी मायसाठी मळा विचारायला आले आहे.

सीमानं चहा आणला, तो निवून गेला. मग किशोरनं मायनं काय काय विचारलं ते मला पुन्हा सांगायला लावलं. बाबांच्या रडण्याबद्दल शेवटपर्यंत हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. पण संध्याकाळपर्यंत सांगत बसला, मी लिहून घेत गेले. सोबतचे चार कागद मायला वाचून दाखव. लाल शाई दूर ठेव.

त्यातलं एक इथेच लिहिते, कारण ते सांगताना त्याचा आवाज फार हळू झाला होता. त्याला असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. वेली वर गेल्या की दोन्ही बाजूंनी खाली लोंबायच्या आणि वाट बोगद्यासारखी व्हायची, म्हणाला. बाबा उंच, त्यांना दिवसभर कमरेत वाकून फिरावं लागे. मग माझ्याकडे न बघता म्हणाला:

"माय ठेंगणी. तिले वाकाच लागलं नसतं."

मायच्या पायांवर डोकं. माझ्यावरची तुझी करडी माया अशीच राहू दे.
तुझी,
साधना